सह्याद्रीचे कडे : बंदी सोपी, व्यवस्था अवघड

पावसाळा तोंडावर आला, की घाटमाथ्यावरच्या जिल्ह्यांत निसर्गाच्या ऋतूबरोबर एक सरकारी ऋतूही सुरू होतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीने प्रतिबंधात्मक आदेश निघतात. धबधबे, धरणे, घाट, किल्ले आणि कडे यांची लांबलचक यादी तयार होते. पायथ्याच्या गावात दोन पोलीस बसवले जातात आणि ‘प्रवेश बंद’चा फलक लागतो. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून त्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली. कलमाचा आकडा बदलला, खाक्या तोच राहिला.

या आदेशांना निमित्ते घडतात, हे खरे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगाव दाभाड्याजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळून चार जणांचा अंत झाला. दोन्ही प्रसंग जिवाला चटका लावणारे होते, आणि अशा वेळी प्रशासनाने स्वस्थ बसावे, असे कोणीही म्हणणार नाही. तथापि यातील एक अपघात पाण्यात झाला, दुसरा पुलावर. कड्यावर दोर लावून चढणाऱ्या माणसाचा यापैकी कशाशीही संबंध नव्हता. पण सहलीला आलेला जमाव आणि शिस्तीने प्रस्तरारोहण करणारा चारसहा जणांचा चमू यांत फरक करण्याची तसदी सरकारी यादी सहसा घेत नाही, आणि अपघातानंतर निघणाऱ्या हुकमांत दोघेही एकाच दोरीने बांधले जातात.

यातली खरी विसंगती वेगळीच आहे. सह्याद्रीत पावसाळ्यात गंभीरपणे प्रस्तरारोहण करणारा माणूस जवळजवळ सापडतच नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा काळा पाषाण झाला. थरांच्या सांध्यांत माती आणि गवत धरते, धोंडे सुटे होतात, आणि पाऊस लागला की साऱ्या कड्यावर शेवाळ चढते. म्हणून आमच्या गिर्यारोहकांचा मोसम दसरा-दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हे तापेपर्यंत चालतो. नाणेघाटाशेजारची वानरलिंगी, जिला मुंबईकर गिर्यारोहक खडा पारशी म्हणतात, रायगडासमोरचा लिंगाणा, माहुलीजवळचा वजीर सुळका, तेलबैलाच्या जुळ्या भिंती, खंडाळ्याची नागफणी, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा — या सर्व चढाया हिवाळ्यातल्या. म्हणजे बंदी निघते ती कड्यावर कोणी नसताना, आणि कड्यावर माणूस असतो तेव्हा प्रशासनाला त्याची गंधवार्ता नसते. हे केवळ हास्यास्पद असते तर सोडून देता आले असते. पण कड्यांना रक्षणाची खरी गरजही हिवाळ्यातच असते, आणि तिकडे कोणाचेच लक्ष नाही.

हा काही मूठभर हौशी लोकांचा प्रश्न नव्हे. मुंबईत ‘गिरिविहार’सारखी संस्था १९५४ साली निघाली, तेव्हापासून आजतागायत महाराष्ट्रातील गिर्यारोहण मुख्यतः मध्यमवर्गीयांच्या आणि विद्यार्थ्यांच्या बळावर चालले आहे. शनिवारी संध्याकाळी कचेरी सुटल्यावर कसारा किंवा कर्जतची गाडी गाठायची, पुढे एस.टी.ने किंवा पायी गाव गाठायचे, कोणाच्या तरी पडवीत अंग टाकायचे आणि सोमवारी पुन्हा टेबलावर हजर व्हायचे, असा हा खेळ आहे. क्रिकेटला मैदान लागते, टेनिसला क्लबाचे सभासदत्व लागते. येथे संस्थेचा सामायिक दोर आणि सार्वजनिक कडा पुरतो. महानगरांत मुलांना खेळायला जागा उरली नाही म्हणून आपण व्याख्याने देतो. मग जी जागा कोणी बांधावी लागली नाही आणि जिची डागडुजी करावी लागत नाही, तिच्यावर फलक लावताना थोडा विचार व्हायला हवा. रायगडावर १९९६ पासून रज्जुमार्ग आहे, आणि वृद्धांची त्याने सोय झाली, हे चांगलेच आहे. परंतु तिकीट काढून वर जाणाऱ्याची सोय पाहायची आणि पायांनी जाणाऱ्याकडे संशयाने पाहायचे, ही वृत्ती मात्र वाढीस लागू नये.

अधिकाऱ्याची अडचण

जिल्हाधिकारी किंवा वनाधिकारी हे लोक गिर्यारोहणाचे वैरी आहेत, असे मानण्याचे कारण नाही. त्यांची अडचण समजून घेतल्याखेरीज हा प्रश्न सुटणारही नाही. कड्यावरून कोणी पडले, तर ‘तुम्ही प्रवेश दिलाच कसा’ असे विचारणारे दहा जण दुसऱ्या दिवशी उभे राहतात. बंदीमुळे शेकडो मुले एका खेळाला मुकली, तर ‘का मुकवलेत’ असे विचारणारा एकही पुढे येत नाही. या व्यवहारात बंदी घालणाऱ्याचे काहीच जात नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाचे चौदा विद्यार्थी बुडाले, आणि त्यानंतर शिक्षण खात्याने शैक्षणिक सहलींवर अटींची जंत्रीच घातली. तिचा परिणाम शिक्षक-वाचकांना ठाऊक आहे. सहली सुरक्षित झाल्या की नाही हे सांगणे कठीण. पण मुलांना डोंगरावर नेण्याची इच्छा असलेले किती तरी शिक्षक ‘नसते लचांड नको’ म्हणून थिजले.

तेव्हा प्रश्न मुळात जबाबदारीचा आहे, आणि तो इतर देशांनी कसा सोडवला हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडात हा झगडा खाजगी मालकीतून निर्माण झाला. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि शेफील्डकडचे काही शे तरुण कामगार डर्बीशायरमधील किंडर स्काउट या पठारावर उघडउघड बेकायदा चढले. ते रान ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी जमीनदारांनी राखून ठेवले होते. रखवालदारांशी झटापट झाली, आणि त्यांचा तरुण पुढारी बेनी रॉथमन याच्यासह पाच जणांना तुरुंगात जावे लागले. त्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि २००० साली इंग्लंड व वेल्समधील डोंगर, माळ आणि सामायिक कुरणे यांवर पायी हिंडण्याचा हक्क जनतेला कायद्याने मिळाला. २००२ मध्ये, त्या घटनेला सत्तर वर्षे झाली तेव्हा, डेव्हनशायरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या काळच्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. जमीनदाराच्या नातवाला हे सुचावे, यात इंग्रजी समाजाचा काही एक गुण दिसतो.

या कथेतला हक्काचा भाग सर्वांना आवडतो. पण २००० च्या कायद्यातले खरे शहाणपण एका रुक्ष कलमात आहे. हक्क देताना त्या कायद्याने जमिनीच्या कब्जेदाराला जबाबदारीतून मोकळे केले. भूमीच्या नैसर्गिक स्वरूपामुळे, म्हणजे कडा, घळ, ओढा यांच्यामुळे, हिंडणाऱ्याला इजा झाली तर कब्जेदार त्यास उत्तरदायी नाही. त्याने जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने धोका निर्माण केला असेल तर गोष्ट निराळी. अमेरिकेतही राज्याराज्यांचे अशाच धर्तीचे कायदे आहेत. मोबदला न घेता आपली जमीन लोकांच्या विरंगुळ्यासाठी खुली ठेवणाऱ्या मालकावर अपघाताची सर्वसाधारण जबाबदारी पडत नाही. परिणामी कडा खुला ठेवण्याचे मालकाला भय उरत नाही.

आपल्याकडे नुकसानभरपाईचा दिवाणी कायदा बव्हंशी असंहित आहे, आणि हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दलचे भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ मात्र हाताशी आहे. त्यामुळे दुर्घटना घडली की चमूचा म्होरक्या, गावचा वाटाड्या, कधी संस्थेचा चिटणीस, यांच्यापैकी कोणाच्या तरी दारात पोलीस येण्याची भीती असते. हयगय झाली असेल तर कारवाई जरूर व्हावी. परंतु कुंडमळ्याचा पूल आणि कोकणकडा यांतला फरक कायद्याला दिसला पाहिजे. पूल माणसाने बांधला. तो जुना झाला हे ज्याला ठाऊक होते, त्याने तो पाडायचा किंवा दुरुस्त करायचा होता. कडा कोणी बांधलेला नाही. त्याचा धोका ओळखून, शिकून, साधने घेऊन जाणे ही चढणाऱ्याची जबाबदारी आहे. आज होते ते उलट. जो धोका सरकारने दूर करायचा तो वर्षानुवर्षे तसाच राहतो, आणि जो धोका नागरिकाने स्वतः पत्करला आहे, त्यापासून त्याला बळेच वाचवले जाते. राज्य सरकारने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. त्याचा भर आयोजकांच्या नोंदणीवर, प्रशिक्षणावर आणि साधनांवर आहे, आणि पैसे घेऊन लोकांना डोंगरात नेणाऱ्यांना तो चाप हवाच होता. कडा बंद करण्याचा अधिकार कोणी कसा वापरावा, हा प्रश्न मात्र त्याने सुटलेला नाही.

त्याचे उत्तर एका वेगळ्याच ठिकाणी सापडते. काश्मीरमधील निर्बंधांसंबंधीच्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये कलम १४४ च्या वापराविषयी काही दंडक घालून दिले. आदेशात मूळ वस्तुस्थिती नमूद असावी, तो प्रसिद्ध व्हावा, निर्बंध प्रयोजनाच्या प्रमाणात असावा, आणि तेच ते आदेश पुनःपुन्हा काढणे हा अधिकाराचा दुरुपयोग होय, असे न्यायालयाने सांगितले. संचाराचे स्वातंत्र्य घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात आहे; त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण वाजवीपणा दाखवण्याचे ओझे सरकारवर असते. या कसोटीला दर आषाढात निघणारे सरसकट आदेश किती उतरतील, याची शंकाच आहे. हा प्रश्न कोणी न्यायालयात नेण्यापूर्वी प्रशासनाने स्वतःच आपले आदेश तपासून पाहिले, तर ते शोभून दिसेल.

गिधाडांचे घर

इथवर वाचून गिर्यारोहक मंडळींना समाधान वाटले असेल, तर आता दुसरी बाजू. कडा हा निर्जन असतो, निर्जीव नसतो. लांब चोचीची गिधाडे सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवरच्या कपारींत घरटी करतात. हिवाळ्याच्या सुरुवातीस अंडी घालतात आणि उन्हाळा येईपर्यंत पिलू तिथेच वाढवतात. शाहीन ससाण्याचीही वीण साधारण याच सुमारास. म्हणजे चढाईचा मोसम तोच विणीचा मोसम. कपारीशी दोर लोंबू लागला, वर यंत्राने बोल्टसाठी भोक पाडणे सुरू झाले, की पक्षी घरटे सोडतो. वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत याचा अर्थ काय, हे सांगायला नको. नव्वदीच्या दशकापासून या देशातील गिधाडे शेकडा पंचाण्णवाहून अधिक घटली. त्याचे कारण गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध. गुरांसाठी त्याच्या वापरावर २००६ मध्ये बंदी आली. हा संहार काही गिर्यारोहकांनी केला नाही. पण जी थोडी घरटी उरली आहेत, त्यांच्यापाशी त्यांनी जाऊ नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

याबाबतीत आपल्या शेजारचे उदाहरण बोलके आहे. बंगळूरजवळच्या रामनगरचे गोल मोठाले खडक ‘शोले’मुळे घरोघरी पोहोचले. तेथे बंगळूरचे प्रस्तरारोहक वर्षानुवर्षे सराव करीत. २०१२ मध्ये तेथील रामदेवरबेट्ट हे गिधाडांचे अभयारण्य जाहीर झाले, आणि त्या हद्दीतील चढाई संपली. गिधाडे वाचवण्याचा हेतू निर्विवाद आहे. परंतु बारा महिने आणि सारे खडक बंद ठेवणे हा एकच मार्ग होता काय? इंग्लंडात ‘ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिल’ ही गिर्यारोहकांचीच संस्था पक्षिमित्रांशी आणि जमीनमालकांशी बोलून, कोणत्या कड्याचा कोणता भाग कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत वर्ज्य, याची यादी ठेवते. वसंतात बहिरी ससाणा घरट्यावर असला की तेवढ्या भिंतीवर कोणी चढायचे नाही. पिले उडाली की पुन्हा मोकळीक. यादी गिर्यारोहकांनी केलेली, म्हणून गिर्यारोहक ती पाळतात. आपल्याकडे वनखात्यापाशी कायद्याचे बळ भरपूर आहे. राखीव वनात विनापरवाना शिरणे हा १९२७ च्या वन कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अभयारण्यात जायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे परवाना लागतो. पण कोणत्या कपारीत घरटे आहे, याची माहिती प्रत्यक्ष कड्यावर गेलेल्या माणसाकडे अधिक असण्याचा संभव आहे. त्याला गुन्हेगार ठरवल्यावर तो ती सांगायला येईल कशाला?

श्रद्धेच्या बाबतीतही असेच आहे. अमेरिकेत वायोमिंगमधील डेव्हिल्स टॉवर हा प्रचंड सुळका तेथील अनेक आदिवासी जमातींना पवित्र आहे, आणि जून महिन्यात त्यांचे विधी असतात. १९९५ मध्ये उद्यान खात्याने जूनपुरते चढू नका, अशी सक्तीविना विनंती केली. पहिल्याच वर्षी जूनमधील चढाया पाचांपैकी चारांहून अधिक कमी झाल्या. पुढे हे पालन काहीसे ढिले पडले, हेही सांगितले पाहिजे. उलट ऑस्ट्रेलियातील उलुरूवर चढणे ऑक्टोबर २०१९ पासून कायमचे बंद झाले, आणि ते योग्यच झाले. कारण ती भूमी अनांगू लोकांची, आणि निर्णय त्यांच्या संमतीने झाला. दोन्ही ठिकाणी बंदीमागे कारण होते, आणि ते चढणाऱ्याला सांगितले गेले होते.

आपल्या सुळक्यांखाली कोठे देवी आहे, कोठे भैरोबा. डोंगरात गेल्यावर आधी गावात विचारायचे, हा जुन्या गिर्यारोहकांचा शिरस्ता अलीकडे सुटत चालला आहे. किल्ल्यांचा मुद्दा त्याहून नाजूक. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले. त्यांतले अकरा महाराष्ट्रातले. आता तटबंदीजवळ किंवा दरवाजावरच्या कातळात बोल्ट ठोकण्याचे समर्थन कोणीही करू नये. मात्र वारशाच्या नावाखाली गडाखालचा मैलभर नैसर्गिक कडाही कुलूपबंद होऊ नये. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीची कथा आपण चौथीच्या पोराला सांगतो. महाराजांनी त्या वाटेवर बुरूज बांधला, असे ती कथा सांगते. पण तो शत्रूसाठी होता, आणि नाव त्याला हिरकणीचेच दिले.

पायथ्याची माणसे

या सर्व चर्चेत ज्यांना कोणी विचारत नाही, ती पायथ्याच्या गावची माणसे. बारी, पाचनई, साम्रद या गावांतील महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत शहरी पाहुण्यांना जेवण देणे, वाट दाखवणे यावर थोडीफार मिळकत उभी केली आहे. आदेश निघाला की ती बुडते, आणि गर्दी लोटली की पाणी आणि स्वच्छता यांचा बोजवारा तेच सोसतात. हरिहरच्या पायऱ्यांवर किंवा कलावंतिणीवर सुटीच्या दिवशी जी रांग लागते, तिचे कोणी कौतुक करू नये. तेथे संख्येची मर्यादा हवी, आणि ती गावाच्या सल्ल्याने ठरवली तर टिकेल. अपघात झाल्यावर प्रथम धावतातही तेच, आणि त्यांच्याबरोबर लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक. सरकारी यंत्रणा बहुधा त्यांच्या पाठोपाठ येते.

मावळ, मुळशी, कर्जत या तालुक्यांत तर आणखी एक बंदी विनाआदेश चालू आहे. डोंगराच्या पायथ्याच्या जमिनी बंगल्यांसाठी विकल्या जातात, कुंपणे पडतात आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पायवाट एका रात्रीत नाहीशी होते. शेतकऱ्याची वहिवाट अडली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली त्याला तहसीलदाराकडे दाद मागता येते. कड्याकडे जाणाऱ्या सामान्य माणसाला अशी कोणतीच दाद नाही. गावनकाशावर या वाटा आताच नोंदवून घेतल्या नाहीत, तर पुढे सरकारने कडे कितीही उदारपणे खुले केले, तरी तेथपर्यंत पोचायला वाट उरणार नाही.

काय करता येईल, हे फार गूढ नाही. नैसर्गिक धोक्यापुरती कब्जेदाराची आणि सरकारची जबाबदारी मर्यादित करणारे एक छोटे विधेयक विधिमंडळापुढे यावे. बंदीच्या प्रत्येक आदेशात जागा, मुदत आणि कारण स्वतंत्रपणे लिहिलेले असावे. आणि वनखाते, पक्षी-अभ्यासक, गिर्यारोहण संस्था व ग्रामसभा यांनी मिळून कड्याकड्याची यादी करावी : कोठे घरटे आहे, कोठे देवस्थान आहे, कोठे कातळ कुजका आहे, कोठे मोकळीक आहे. सारा सह्याद्री एकदम हाती घेण्याची गरज नाही. सुरुवात अकोले तालुक्यापासून होऊ शकते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य तेथे १९८६ पासून आहे, वाटाड्यांची गावे आहेत, गिर्यारोहकांचा राबता आहे, आणि पावसाचे चार महिने, जेव्हा कड्यावर कोणी चढत नाही, ते अशा कामासाठी मोकळे असतात. कोजागिरीच्या आत यादी पायथ्याच्या गावांत आणि संस्थांच्या कार्यालयांत लागली, तर गिधाड घरट्यावर बसण्यापूर्वी ती चढणाऱ्याच्या हाती पडेल.